एका प्याल्याचे पाळकसाहेब

आमच्या पाळकसाहेबांबद्दल मंडळीत दोन मतं नव्हती. हा माणूस पाळक व्हायच्या लायकीचा नाही, याबद्दल सगळ्यांचं एकमत होतं. एरवी देवळाची घंटा कोणी वाजवायची यावरूनही आमच्यात दोन तट पडायचे. तेव्हा एवढं एकमत घडवून आणणं हा त्यांच्या हातून झालेला एक चमत्कारच म्हटला पाहिजे.

गडचिरोली नुकताच वेगळा जिल्हा झाला होता, तेव्हाची गोष्ट. मी नागपूरची. मास्तरकीची नेमणूक घेऊन तिकडे गेले. चामोर्शीच्या रस्त्यावरचं, तलावाच्या काठचं गाव. भोवती धानाच्या बांध्या आणि पलीकडे जंगल. ख्रिस्ती घरं थोडीच, पण देऊळ मात्र जुन्या मिशनरी लोकांनी भक्कम बांधून ठेवलेलं. माझे वडील नागपूरला उपासनेत पेटी वाजवायचे आणि त्यांनी मलाही शिकवलं होतं, ही बातमी कुठून तरी फुटली आणि पहिल्याच रविवारी माझी पेटीवर स्थापना झाली. आमच्याकडे पेटीवाल्याला मंडळीकडे तोंड करून बसावं लागे. त्यामुळे पुढे सांगते आहे ते बहुतेक सगळं मी समोरून पाहिलेलं आहे.

पाळकसाहेब सिंदेवाहीकडचे. पन्नाशी उलटलेली, अंगानं उंच, थोडे वाकलेले, पायजम्याचा एक पाय कायम दुसऱ्याहून वर. बोलत ते घरच्या बोलीत, आणि उपदेशाला उभे राहिले तरी त्यांची बोली काही बदलत नसे. आमच्या मंडळीच्या सेक्रेटरीसाहेबांचा पहिला आक्षेप हाच. सेक्रेटरीसाहेब तालुक्याच्या कचेरीत मोठे कारकून होते, गावात फटफटी असलेल्या मोजक्या लोकांपैकी होते, आणि देवाला फक्त पुस्तकी मराठी समजतं अशी त्यांची श्रद्धा होती. ‘हे स्वर्गीय पित्या, आम्ही तुझ्या चरणी लीन होतो’ असं कोणी सुरू केलं की त्यांचे डोळे आपोआप मिटत. पाळकसाहेब सुरू करायचे, “बापा, आम्ही आलो. उशीर झाला, पन आलो.” सेक्रेटरीसाहेबांचे डोळे उघडेच राहायचे.

त्यांचं एक वाक्य ठरलेलं होतं: “या, जागा हाये.” हे वाक्य ते कुठंही म्हणत, जागा असो वा नसो. यष्टीत स्वतः एका पायावर उभे असले तरी खिडकीतून बाहेरच्यांना बोलावत, “या, जागा हाये!” एकदा कंडक्टरनं हात जोडले. म्हणाला, “साहेब, गाडीचा कंडक्टर मी हावो का तुमी?” पाळकसाहेबांनी त्यालाही सरकून जागा दिली.

आठवडी बाजाराच्या दिवशी याचा सगळ्यात जास्त त्रास पाळकीणबाईंना व्हायचा. बाजारातून वांगी आणायला गेलेला हा माणूस वांगी विसरायचा आणि माणसं घेऊन यायचा. कोर्टाच्या तारखेसाठी जंगलातून पायी आलेला एखादा माडिया, मोहाची दारू गाळते म्हणून गावानं वाळीत टाकलेली एखादी बाई, तुरुंगातून सुटून घरी जायला कचरणारा कोणी. पाळकीणबाई दारात उभ्या राहून नुसत्या बघायच्या. मग म्हणायच्या, “ताटं नाई पुरत. पळसाची पानं तरी तोडून आनायची होती येता येता.” रागावल्या की त्या एवढंच बोलत. भात मात्र त्यांनी आधीच जास्तीचा टाकलेला असे.

प्रभुभोजन, म्हणजे प्रभूच्या आठवणीत एक पाव मोडून सगळ्यांनी एकाच प्याल्यातून रस घेणं, आमच्याकडे महिन्यातून एकदा. सेक्रेटरीसाहेबांच्या मते त्यासाठी चंद्रपूरच्या बेकरीतला पांढरा पाव हवा. तो यष्टीच्या ड्रायव्हरच्या हाती मागवला जाई आणि येईपर्यंत दगड होई. पाळकसाहेबांनी आल्या आल्या तांदळाची भाकर सुरू केली. “इथले लोक जे खातात थेच मोडू ना,” एवढंच त्यांचं धर्मशास्त्र. द्राक्षरस पाळकीणबाई मनुका उकळून करत. एकदा मनुका मिळाल्या नाहीत, तर पाळकसाहेबांनी मोहफुलं भिजवून त्यांचं गोड पाणी प्याल्यात ओतलं. जन्मात दारूला न शिवलेल्या सेक्रेटरीसाहेबांनी पहिल्याच घोटाला ओळखलं की हा मोह आहे. ते कसं ओळखलं, हे विचारण्याचा उद्धटपणा कोणी केला नाही.

आता मार्थाबाईंबद्दल सांगते.

उपासना सुरू झाली की देवळाच्या बाहेर, खिडकीजवळच्या कडुनिंबाखाली एक म्हातारी येऊन बसे. आतली मंडळी तिसऱ्या कडव्यापासून नुसती गुणगुणायची. खिडकीतून मात्र सगळी कडवी नीट, सुरात येत. मी पेटीवर नकळत त्या बाहेरच्या आवाजाला धरून वाजवायला लागले. कोण म्हणून विचारलं, तर मंडळीतल्या प्रत्येकाला एकदम काहीतरी काम आठवलं. शेवटी पाळकीणबाईंनी सांगितलं.

“मार्थाबाई. इथल्याच जुन्या सुवार्तिकाची बायको. इथल्या साऱ्या लेकरायले गाने तिनं शिकवले. सेक्रेटरीले बी. मंग नवरा गेला अन् तिच्या हातावर चट्टे निंघाले. तवापासून नाल्यापलीकडं राहते, तशाच दोघी-तिघींबरोबर.”

“पण औषध?”

“घेतलं ना. सरकारी दवाखान्याचं, पुरं. डॉक्टर म्हने रोग गेला, आता कोनाले काई होत नाई. बोटं गेले थे गेले.”

मार्थाबाईंना मंडळीतून कोणी काढलं नव्हतं. तसा ठराव झाला नव्हता, आमची मंडळी इतकी निष्ठुर नव्हती. फक्त त्या ज्या बाकावर बसत तो बाक रिकामा होई. आणि एका रविवारी त्या आत आल्याच नाहीत, तेव्हा सगळ्यांना फार वाईट वाटून बरं वाटलं.

पाळकसाहेबांनी त्यांना आत बोलवून पाहिलं होतं. पण म्हातारी ताठ. “मले त्याईनं बाहेर बसवलं. मी कायले आपल्या पायानं आत येऊ? मले इथूनच बरं आयकू येते.” पाळकसाहेब म्हणाले, “मंग मी बाहेर येतो.” तेव्हापासून आतल्या सगळ्यांना देऊन झालं की ते भाकरीचा तुकडा आणि प्याला घेऊन कडुनिंबाखाली जात. मार्थाबाई दोन्ही मनगटांच्या मध्ये प्याला धरून पीत. उरलेलं पाळकसाहेब तिथंच पिऊन टाकत आणि प्याला सदऱ्याला पुसत आत येत. मंडळीची याला हरकत नव्हती. देवळाबाहेर पाळकानं काय प्यावं हा त्याचा प्रश्न.

असं चाललं असतं. पण श्रावणात एका प्रभुभोजनाच्या रविवारी पाऊस असा लागला की तलाव भरून रस्त्यावर आला. खिडकीतून गाणं येतच होतं, पण मध्ये मध्ये खोकला. पाळकसाहेब प्रभूच्या मेजापाशी उभे होते. त्यांनी एकदा खिडकीकडे बघितलं, मग मेजाची एक बाजू उचलली.

“सेक्रेटरीभाऊ, तिकडून धरा.”

“कुठं न्यायचं?”

“बाहेर. आज तिकडंच घेऊ सारे.”

“अहो, पाऊस आहे!”

“हो ना. ती भिजून राह्यली.”

सेक्रेटरीसाहेबांनी नव्या टेरिकॉटच्या शर्टाकडे पाहिलं. मंडळीनं आपापल्या लुगड्यांकडे आणि बुटांकडे पाहिलं. क्षणभर विचारविनिमय झाला आणि धर्मापुढे सगळे सारखेच, असं एकमतानं ठरलं. “मग तिलाच घ्या आत,” सेक्रेटरीसाहेब म्हणाले.

“माझ्यानं येत नाई ती. तुमी बोलवा.”

सेक्रेटरीसाहेब दारात गेले. “या आत,” असं पावसाला उद्देशून म्हणाले.

बाहेरून आवाज आला, “कोन बोलावते?”

“मी.”

“मी कोन?”

जिल्ह्याच्या साहेबांशी इंग्रजीतून बोलणारा तो माणूस दाराच्या चौकटीला धरून जरा वेळ उभा राहिला. मग हळूच म्हणाला, “बेंजू.”

मार्थाबाई आत आल्या. अंगावरून पाणी गळत होतं. शेवटच्या बाकावर बसल्या. तो बाक लगेच रिकामा झाला, पण आता पुढचे सगळे बाक दाटीवाटीनं भरलेले, त्यामुळे पाळकसाहेब आल्यापासून पहिल्यांदाच देऊळ भरल्यासारखं दिसत होतं.

त्यानंतर त्या आतच येऊ लागल्या. आणि मंडळीला एकाएकी सर्दीची भीती वाटू लागली.

कुष्ठरोग हा शब्द कोणीही काढला नाही. सगळे फक्त सर्दीबद्दल बोलत. एका प्याल्यानं सर्दी पसरते, पडसं पसरतं, आरोग्यदृष्ट्या विचार करायला हवा, नागपूरच्या मोठ्या देवळांत आता प्रत्येकाला वेगळा पेला असतो. पावसाळा संपून उन्हं कडक झाली तरी सर्दीची साथ काही ओसरेना. शेवटी सेक्रेटरीसाहेबांनी आपल्या दिवंगत वडिलांच्या स्मरणार्थ नागपूरहून एक लाकडी तबक आणि अंगठ्याएवढे काचेचे पेले आणले. पाळकसाहेबांनी एक पेला उचलून उजेडात धरला, डोळ्याला लावून त्यातून सेक्रेटरीसाहेबांकडे पाहिलं. “छान हायेत. भातुकलीतले वाटतात.” एवढंच. भांडले नाहीत, काही नाही. मंडळीच्या कमिटीला वाटलं, माणूस सुधारला.

नाताळच्या आधीचा महिना असेल. देऊळ भरलेलं होतं. त्या दिवशी सेक्रेटरीसाहेबांच्या आईही आल्या होत्या. म्हातारीच्या डोळ्यांत मोतीबिंदू, कानानं जवळजवळ बहिरी. पावसापाण्याची ती घराबाहेर पडत नसे. सूनबाईंनी धरून आणून पहिल्या बाकावर बसवलं होतं. पेले आपल्या नवऱ्याच्या नावानं आहेत, हे तिला ओरडून सांगावं लागलं आणि ते नाल्यापलीकडंही ऐकू गेलं असेल.

नवी पद्धत अशी की प्रत्येकानं पेला उचलून हातात धरायचा आणि सगळ्यांनी एकदम प्यायचं. देणगीदार म्हणून सेक्रेटरीसाहेब स्वतः तबक घेऊन बाकांमधून फिरत होते. सगळ्यांत शेवटी ते मार्थाबाईंपाशी पोचले. तबक लांबून पुढे केलं. मार्थाबाईंनी दोन्ही तळव्यांच्या कडांमध्ये तो पेला धरायचा प्रयत्न केला. मोठा प्याला त्यांना मनगटात धरता येई. हा इवलासा काचेचा पेला निसटला, फरशीवर पडला आणि फुटला.

“नाई धरवत, बेंजू,” त्या म्हणाल्या.

“काही हरकत नाही,” सेक्रेटरीसाहेब पुस्तकी मराठीत म्हणाले आणि तबक घेऊन वळले.

पाळकसाहेब बाजूच्या खोलीत गेले. आत डबे पडल्याचा आवाज झाला. मग ते जुना पितळी प्याला सदऱ्याला पुसत बाहेर आले. आणि त्यांनी जे केलं ते मी पुन्हा कुठल्या देवळात पाहिलं नाही. ते पहिल्या बाकापासून सुरू झाले. प्रत्येकासमोर हात पुढे करून म्हणायचे, “आना इकडं,” आणि त्याच्या हातातला पेला घेऊन प्याल्यात ओतायचे. वकिलाचा पेला, मास्तरांचा, कंपाउंडरचा. कोणाला नाही म्हणायला सुचलं नाही. गुरुजींनी पकडल्यावर मुलं गोट्या काढून देतात तसे सगळे निमूटपणे पेले देत गेले. माझाही घेतला. सगळ्यांचा रस एका प्याल्यात आला, आणि तो त्यांनी नेऊन मार्थाबाईंच्या मनगटांत ठेवला. त्या सावकाश प्यायल्या.

मग पाळकसाहेब प्याला घेऊन मेजापाशी उभे राहिले. “या,” म्हणाले.

पाळकीणबाई आल्या, प्यायल्या. नंतर कोणीच उठेना. पहिल्या बाकावरची म्हातारी मोठ्यानं म्हणाली, “काय झालं वं? काऊन थांबले सारे?”

सूनबाई तिच्या कानाशी लागल्या. कुजबुजून उपयोग नव्हता, त्यामुळे सगळ्यांनी ऐकलं: “मार्थाबाईनं प्याला उष्टा केला!”

“कोनती मार्था?”

सूनबाई पदर सारखा करायला लागल्या.

“आपली मार्था? ती तं मेली ना?” म्हातारी काठी टेकत उभी राहिली आणि ज्या बाजूला मुलगा असेल असं तिला वाटलं तिकडे वळली. “बेंजू, तू तं मले सांगतलं होतं मार्था मेली म्हून!”

सेक्रेटरीसाहेब हातातलं रिकामं तबक रुमालानं पुसायला लागले.

“मी हाये वं इथी,” मागून मार्थाबाई म्हणाल्या.

म्हातारी बाकांना धरत धरत मागे गेली. मार्थाबाईंच्या तोंडावरून, खांद्यावरून, मग हातांवरून तिनं हात फिरवला. जिथं बोटं नव्हती तिथं थांबली. “किती वाळली तू,” म्हणाली, आणि शेजारी बसली. मग एकदम आठवल्यासारखं ओरडली, “पाळकसाहेब, इकडं आना. का हिनं सारं पिऊन टाकलं?”

पाळकसाहेबांनी प्याला तिच्याकडे नेला. ती प्यायली, तोंड पुसलं आणि म्हणाली, “पेटी काऊन बंद हाये?” पाळकसाहेब माझ्याकडे आले. “मास्तरीनबाई, आधी प्या, मंग वाजवा.” रस कोमट झाला होता आणि त्याला पाळकसाहेबांच्या सदऱ्याचा वास येत होता. मी प्यायले आणि वाजवायला लागले. काही जण उठून पुढे आले, काही दाराबाहेर गेले. सेक्रेटरीसाहेब बाहेर जाऊन फटफटी पुसत बसले. ती आधीच लख्ख होती.

यथावकाश वरून एक मोठे साहेब चौकशीला आले. पाळकांनी मंडळीच्या हातातले पेले हिसकावले, असा आरोप होता. पाळकसाहेब म्हणाले, “हिसकावले नाई. मागून घेतले.” मोठे साहेब फार प्रेमळ होते. त्यांनी दोन्ही बाजूंबरोबर प्रार्थना केली आणि पाळकसाहेबांना अधिक सेवेची संधी म्हणून अहेरीच्याही पलीकडे बदली दिली, जिथं देऊळच नव्हतं. निरोपसमारंभात सेक्रेटरीसाहेब उत्तम बोलले, डोळे मिटून. पाळकसाहेबांनी त्या दिवशीही एका अनोळखी माणसाला जेवायला आणलं होतं.

नवे पाळक आले. त्यांचं मराठी अतिशय शुद्ध होतं. लहान पेले पुन्हा तबकात बसले आणि मार्थाबाईंनी यायचं सोडून दिलं, कडुनिंबाखालीही येईनात.

पण सेक्रेटरीसाहेबांच्या घरात म्हातारी होती. तिनं मुलाशी बोलणंच टाकलं. वर्षभरानं अंथरुणाला खिळली, तेव्हा नवे पाळक पेला घेऊन घरी गेले. म्हातारीनं तोंड फिरवलं. “मार्था आली का घेईन,” म्हणाली. पुन्हा गेले, पुन्हा तेच. मोठ्यानं बोलायची सवय असल्यामुळे सगळ्या गल्लीला ते पाठ झालं. जीव तर जाईना, आणि घेईही ना. सेक्रेटरीसाहेब कचेरीत गेले की लोक विचारत, “आई कशी आहे?” आणि ते फायलीत बघत.

एका बाजाराच्या दिवशी दुपारच्या सुट्टीत मी शाळेच्या फाटकात उभी होते आणि समोरून सेक्रेटरीसाहेबांची फटफटी आली. मी जे पाहिलं त्यावर माझा मलाच विश्वास बसला नाही. म्हातारीनं त्या संध्याकाळी मार्थाबाईंच्या मांडीवर डोकं ठेवून भाकर घेतली, आणि त्या आठवड्यातच ती गेली. तोवर मार्थाबाई तिच्या उशापासून हलल्या नाहीत.

पुढच्या उन्हाळ्यात परीक्षेच्या कामानं मला अहेरीला जावं लागलं. पाळकसाहेब बाजारात सापडतील याची खात्री होती, आणि सापडले. तीन अनोळखी माणसांबरोबर घरी निघाले होते. मलाही ओढून नेलं. बांबूच्या तट्ट्याचं घर, अंगणात चूल. पाळकीणबाईंनी मला पाहून फक्त “पानं आनली का?” एवढंच विचारलं. जेवता जेवता मी सगळं सांगितलं. पाळकसाहेब घास हातात धरून ऐकत होते.

“थांबा,” ते म्हणाले. “फटफटीवर? मागं बसवून?”

“हो.”

“तिले बोटं नाईत. धरलं कसं तिनं?”

“सेक्रेटरीसाहेबांच्या कमरेला दोन्ही हातांची कव घालून बसल्या होत्या,” मी म्हटलं. “गाल त्यांच्या पाठीला टेकवून. आणि ते अगदी हळू चालवत होते.”

“कोन्या रस्त्यानं आनलं? तलावाच्या मागून?”

“नाही. भर बाजारातून.”

पाळकसाहेबांनी घास पानावर ठेवला. चुलीकडे तोंड करून बसलेल्या पाळकीणबाईंनी पदर डोळ्यांना लावला आणि धुराला शिव्या दिल्या. मी आणखी काहीतरी बोलणार होते, फटफटी घरी नेल्यावर सेक्रेटरीसाहेबांनी ती दोनदा धुतली असेल, असं काहीतरी. तेवढ्यात पाळकसाहेबांनी माझा हात धरला.

“बाई,” ते म्हणाले, “तुमची जीभ लई तिखट हाये. आता त्याले काई बोलू नका.”